किचनचा वजनकाटा, आठ महिने वापरून: पोळी-भाताला लागू पडला, गोडाच्या तलफेला वेगळ्या रीतीने

संक्रांतीनंतर घेतलेला काटा, आता गणपती होऊन गेलेत, म्हणजे आठ महिने जवळजवळ रोज वापरलाय (पहिला बिघडला म्हणून एकदा बदलून, ते खाली). आधीच लिहिणार होते पण म्हटलं पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरू दे मग लिहावं, कारण वजन कमी करायच्या वस्तूंचे रिव्ह्यू सगळे पहिल्या आठवड्यातच लिहिलेले असतात आणि मग ती वस्तू माळ्यावर जाते.

वस्तू अगदी साधी. पांढरा प्लॅस्टिकचा डिजिटल काटा, १० किलोपर्यंत घेतो, १ ग्रॅमपर्यंत दाखवतो, खाली दोन पेन्सिल सेल, चारशे रुपयांच्या आसपास. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण हाच काटा, हाच आकार, हीच बटणं, वेगवेगळ्या नावांनी विकतात. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

माझं वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, जानेवारीत वजन ७८ किलो. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.१ आला (५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर) आणि आमचे डॉक्टर म्हणाले, आत्ता सांभाळलंत तर गोळी लागणार नाही. तेव्हाच कळलं की आपल्या लोकांसाठी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा) आकडा २३ लाच जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, ते २५ आणि ३० वालं कोष्टक आपल्याला लागू नाही. माझा ३१ च्या वर होता. आणि मला अगदी मनापासून वाटायचं की मी खातेच किती! बाहेरचं नाही, वडापाव महिन्यातून एखादा, डोंबिवली-सीएसएमटी उभ्याने प्रवास, घरी दोन-तीन पोळ्या आणि 'थोडासा' भात. सोसायटीत अर्धे लोक दीक्षित सरांचं दोन वेळचं जेवण, ५५ मिनिटांत संपवायचं, ते करतात. आमच्या मजल्यावरच्या काकांना त्याने चांगला फरक पडलाय, पण मला दोन जेवणांच्या मधे डोकं दुखायचं आणि दुसऱ्या जेवणाला मी दुपटीने जेवायचे. मग डाएटिशियनकडे गेले आणि त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं, ताई आधी काटा घ्या, पंधरा दिवस काही कमी करू नका, फक्त मोजून लिहा.

त्या पंधरा दिवसांतच सगळं कळलं. पहिल्या संध्याकाळी कणकेचे गोळे एकेक करून काट्यावर ठेवले. ५८, ६३, ६१, ५५, ६६. १०० ग्रॅम कणकेला साधारण ६० ग्रॅम पाणी जातं, म्हणजे ६० च्या गोळ्यात ३७-३८ ग्रॅम कोरडी कणीक. डाएटच्या तक्त्यातली पोळी ३० ग्रॅम कणकेची. माझ्या तीन पोळ्या म्हणजे तक्त्यातल्या जवळजवळ चार, वर घडीला तेल लावतो ते वेगळंच. मग भात. मी रोज घेते तेवढाच ताटात वाढून घेतला, ताट आधी ठेवून काटा शून्य केला होता, आकडा आला २६०. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी धरतात, म्हणजे माझा 'थोडासा' भात ३४० कॅलरी. वहीतली दिवसाची बेरीज केली तर पोळ्या, भात आणि सकाळचे पोहे मिळून कच्चं धान्य साडेतीनशे ग्रॅमच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे २००० कॅलरीचं ताट सांगितलंय त्यात दिवसाचं धान्य २५० ग्रॅम आहे, डाळी ८५, भाज्या ४००, तेलतूप २७. माझं धान्य शंभराने जास्त आणि भाज्या दीडशेच्या वर कधी गेल्याच नव्हत्या. वाटी-वाटीने बघितलं की हे दिसत नाही हो. आमच्याकडे सहा वाट्या आहेत आणि सहाही वेगळ्या मापाच्या, माझ्या लग्नातली आमटीची वाटी तर काठोकाठ भरली की २१० ग्रॅम घेते.

आता काट्याची सगळ्यात कामाची युक्ती सांगते, जी खोक्यावरच्या कागदात कुठेच लिहिलेली नाही. तेल कधी काट्यावर ओतून मोजू नका. आख्खी तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं, बरणी उचलून फोडणीत तेल घालायचं आणि बरणी परत ठेवायची. काटा मायनसमध्ये दाखवतो, तेवढं तेल गेलं. मी भेंडीच्या फोडणीला 'दोन चमचे' घालते असं समजत होते. बरणी परत ठेवली, मायनस ३१. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे २८० कॅलरी नुसत्या फोडणीत, आणि अशा दिवसाला दोन भाज्या आणि एक आमटी. चार माणसांत वाटून जातं हे खरं, तरी आता त्याच भेंडीला १४ ग्रॅममध्ये भागतं, फक्त गॅस मंद ठेवावा लागतो आणि कढई जाड लागते. हीच मायनसची पद्धत चिवड्याच्या डब्याला, गुळाच्या डब्याला, शेंगदाण्यांच्या बरणीला.

काट्याचा एक दोषही ह्यातच आला. अगदी हळूहळू, चिमटी-चिमटीने काही घातलं तर स्वस्तातल्या काट्याला कळतच नाही. साखर बोटांनी भुरभुरवत बसलात तर ३-४ ग्रॅम पडून जाते आणि आकडा शून्यावरच. मी दोन दिवस समजत होते की चहात काहीच साखर घालत नाही. एकदम चमच्याने घाला किंवा बरणीची मायनस पद्धत वापरा, मग बरोबर येतं.

साखरेचं मात्र तपशीलात सांगायला हवं कारण माझी खरी लढाई तिथेच होती. आमचा चहाचा चमचा, जसा मी भरते तसा शिगोशीग, ७ ग्रॅम निघाला. कपाला दोन चमचे, दिवसात तीन कप, ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर चांगलं असं सांगितलंय आणि मी ती हद्द दुपारच्या चहालाच ओलांडत होते, तेही एकही गोड पदार्थ न खाता. एकदम बंद करून पाहिली, चौथ्या दिवशी ऑफिसात चिडचिड. मग काट्यावर मोजून कपाला १४ वरून १०, पंधरा दिवसांनी ७, मग ५, आता ३ ग्रॅम. दोन महिने लागले. आता बाहेरचा नेहमीचा चहा तोंडात घेववत नाही, सरबत वाटतो. स्वीटनरच्या गोळ्या मी मुद्दाम घेतल्या नाहीत, वजनासाठी त्यांच्यावर विसंबू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय आणि मला तर जिभेची गोडीच उतरवायची होती.

आणि गूळ! मी वर्षभर संध्याकाळी भूक लागली की गूळ-शेंगदाणे खायचे, पौष्टिक म्हणून, आईकडे लहानपणापासून तेच. मोजलं तर गुळाचा खडा २८ ग्रॅम आणि शेंगदाण्याची मूठ ४०. मिळून सव्वातीनशे कॅलरी, म्हणजे एका छोट्या जेवणाएवढ्या. गूळ आणि साखर ह्यात कॅलरीचा फरक नावापुरताच आहे, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आता शेंगदाणे १५ ग्रॅम, गूळ ५ आणि सोबत ताकाचा मोठा पेला.

आता तलफेचं. इथे मी चुकले ते लिहिते म्हणजे कुणाचा तरी त्रास वाचेल. मोजायचे ते पंधरा दिवस झाल्यावर गोड पूर्ण बंद केलं. वजन साडेतीन किलो उतरलं, सगळे वा वा करत होते. आणि फेब्रुवारीअखेर मामेभावाच्या लग्नात जिलबी आली. एक घेतली, मग दुसरी, मग मठ्ठा-जिलबी, मग रात्री उरलेले गुलाबजाम उभ्या-उभ्या डब्यातूनच. किती खाल्ले ते सांगता येणार नाही कारण मोजलेच नाहीत. पुढचे दहा दिवस रोज काहीतरी गोड, आता बिघडलंच आहे तर, ह्या विचाराने. तेव्हा रडले मी, खरंच. काट्याचा काय उपयोग असं वाटलं आणि तो कपाटात ठेवून दिला.

डाएटिशियन ताईंनी तेव्हा जे सांगितलं ते माझ्या दृष्टीने ह्या सगळ्यातलं सोनं आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही काटा फक्त नको म्हणायला वापरताय, हो म्हणायला वापरा. गोड रोज खायचं, पण सकाळी ठरवायचं काय खाणार, किती, आणि ते मोजून छोट्या डबीत काढून ठेवायचं. पोटभर जेवणानंतर लगेच खायचं, रिकाम्या पोटी नाही, आणि बसून. माझी डबी ठरली २५ ते ३० ग्रॅमची. पहिले काही दिवस मी त्या डबीची दिवसभर वाट बघायचे. मग हळूहळू असं झालं की डबी आहे, माझी आहे, कुणी काढून घेणार नाही, हे मनाला पटलं आणि चार वाजता जो जीव कासावीस व्हायचा तो शांत झाला. एप्रिलमध्ये एक दिवस डबी खायची विसरून गेले, रात्री डबा धुताना बघितलं तर बर्फीचा तुकडा तसाच. मी ओट्याशी उभी राहून नुसती बघत राहिले त्याच्याकडे.

पाडव्याचं श्रीखंड हा अवघड पेपर. आम्ही घरी चक्क्याला बरोबरीने साखर घालतो, म्हणजे वाटीभर, १२० ग्रॅम श्रीखंड खाल्लं तर ६० ग्रॅम साखर. ह्या वर्षी अर्धा किलो चक्क्याला ३०० ग्रॅम साखर घातली, चक्का मात्र रात्रभर टांगून अगदी कोरडा केलेला, वेलची-जायफळ हात सैल सोडून. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी ८० ग्रॅम घेतलं, त्यात ३० ग्रॅम साखर. त्या दिवशी पुऱ्या दोनच आणि बटाट्याच्या भाजीऐवजी मटकीची उसळ. सण झाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं, ते दहा दिवसांचं घसरणं झालं नाही.

सासूबाईंबद्दल लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अर्धवट राहील. त्यांना काटा आला तेव्हा अजिबात आवडला नाही. आमच्याकडे पोळ्या मोजत नाहीत, वाढताना किती झाल्या असं विचारतसुद्धा नाहीत, अन्नाला मोजलं की बरकत जाते. "जेवणाला कुणी तागडी लावतं का गं? दुकान आहे का हे?" असं म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, त्यांनी रेशनच्या रांगा बघितल्यात, त्यांच्यासाठी आग्रहाने वाढणं म्हणजेच माया. मी एवढंच केलं की काटा जेवणाच्या टेबलावरून कायमचा उठवला. जे काय मोजायचं ते स्वयंपाकघरात, शिजवायच्या आधी, कच्चं. डोईला चाळीस ग्रॅम तांदूळ कुकरला लावला की ताटात मोजायची गरजच नाही. पानात वाढलेलं अन्न मी आता मोजत नाही आणि दुसऱ्याच्या घरी तर काटा डोक्यातसुद्धा आणत नाही. आणि त्यांना आग्रह करायला उसळ, कोशिंबीर, ताक दिलं. "आई, पोळी नको, कोशिंबीर वाढा अजून" म्हटलं की त्यांनाही वाढल्याचं समाधान मिळतं.

जूनमध्ये त्यांनी बेसनाचे लाडू केले, नेहमीचा लाडू ४५ ग्रॅमचा भरतो. मी काही बोलले नव्हते. दुपारी ऑफिसातून लवकर आले तर ओट्यावर काटा, चष्मा नाकावर, आणि त्या परातीतलं मिश्रण चिमटीने कमी-जास्त करत एकेक लाडू ठेवून बघतायत. बावीस. चोवीस. "हा मोठा झाला" म्हणून त्यातलं थोडं काढलं. पंधरा लाडू वेगळ्या स्टीलच्या डब्यात, वर बेदाणा न लावता, म्हणजे ओळखू यावेत. "हे तुझे," एवढंच म्हणाल्या.

आता तक्रारी. एक, हा काटा दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतो. तुम्ही ताट ठेवून शून्य केलं, कुणी दार वाजवलं, परत येईपर्यंत बंद, आणि चालू केला की ताटाचं वजन विसरलेला. उपाय म्हणून मी सगळ्या रिकाम्या पातेल्यांची वजनं एकदाच करून फ्रीजवर चिठ्ठी लावलीय. कुकरचा मोठा डबा ४१२, कढई १३८०, माझं ताट ३४६. दोन, मोठं भांडं ठेवलं की आकडाच झाकला जातो, वाकून बघावं लागतं. एक उपडा डबा मधे ठेवा, त्यावर कढई ठेवा, मग दिसतं. तीन, मिलीचं बटण फक्त पाण्यासाठी समजा, तेलाला ते चुकतं कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. आणि चुकून बटण दाबून औंसावर गेलात तर आकडे एकदम विचित्र येतात, घाबरू नका. चार, ओटा सपाट हवा, खाली फडकं नको.

आणि मोठी तक्रार, ज्यासाठी स्टार कापला. माझा पहिला काटा ऑनलाईन घेतलेला, तीन आठवड्यांत आकडा नाचायला लागला, तीच वाटी कधी १८०, कधी २०५. विक्रेत्याने परत घ्यायची मुदत दहा दिवसांची होती म्हणून हात वर केले, आणि खोक्यात 'एक वर्ष वॉरंटी' छापलेलं कार्ड होतं त्यावर ना पत्ता ना फोन. ते पैसे गेले. दुसरा मी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून घेतला, पन्नास रुपये जास्त पडले पण दुकानदाराने समोर सेल घालून, एक किलो मिठाची पिशवी ठेवून दाखवला, १००६ आला, सहा ग्रॅम पिशवीचे. तुम्हीही असंच बघून घ्या. घरी तपासायचं तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवा, दूध पाण्याहून थोडं जड असतं, पिशवी धरून ५१५ ते ५२० च्या मधे यायला हवी. मी महिन्यातून एकदा तपासते, हा दुसरा काटा अजून बरोबर आहे.

आकडे सांगते म्हणजे उगाच अपेक्षा वाढणार नाहीत. ७८ वरून ७०.६, आठ महिन्यांत. मधे मे-जूनमध्ये पाच आठवडे काटा एकाच जागी होता (शरीराच्या वजनाचा काटा). तीन महिन्यांची साखर ६.१ वरून ५.८. चालणं रोज अर्धा तास, ते पण आहे ह्यात, सगळं श्रेय किचनच्या काट्याला देत नाही. ज्यांना आधीच डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. आणि ज्यांना खाण्यावरून खूप अपराधी वाटतं, उपाशी राहायची सवय लागलीय, त्यांच्या हातात हा काटा देऊ नका, माझी लेक दहावीत आहे आणि तिला मी त्याला हात लावू देत नाही, तिने पोटभर खावं.

जिथे काटा काहीच कामाचा नाही ती वेळ म्हणजे रात्री साडेदहा-अकरा, सगळे झोपलेत, पाळीचे दिवस जवळ आलेत आणि फ्रीज उघडावासा वाटतो. तेव्हा कुणी मोजत नाही, मीही नाही. माझ्यापुरता उपाय असा सापडला की संध्याकाळच्या जेवणात अंडी, पनीर किंवा घट्ट वरण असेल आणि मी अकराच्या आत झोपले तर ती वेळ येतच नाही, आणि उशिरा घरी येऊन नुसता आमटी-भात खाल्ला तर हमखास येते. आली तर आता आधी गरम दूध पिते, वेलची घालून, साखरेशिवाय. दहातून सहा-सात वेळा भागतं. उरलेल्या वेळी सासूबाईंच्या त्या स्टीलच्या डब्यातला बावीस ग्रॅमचा एक लाडू खाते, दिवा लावून, खुर्चीवर बसून, आणि डबा बंद करून झोपते.